वितळणबिंदू विचारताय? मग थंड कसं केलं तेही विचारा

स्फटिकवेडी

नमस्कार मंडळी.

प्लास्टिक दाण्याच्या पोत्याबरोबर जो तक्ता येतो त्यात एक ओळ हमखास असते : वितळणबिंदू १६३ अंश. पॉलिप्रॉपिलीन असेल तर १६० ते १६५ मधला कुठलातरी आकडा. आमच्या प्रयोगशाळेत नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर अशा सगळीकडून नमुने येतात आणि सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं, 'मेल्टिंग पॉइंट काढून द्या'. आकडा मी काढून देते. पण त्या एका आकड्यावर माल घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरतं, आणि ते मला पटत नाही. म्हणून हा धागा.

इंडियम धातू १५६.६ अंशांना वितळतो. तो काल ओतलेला असो की दहा वर्षांपूर्वी, आकडा तोच. म्हणून तर डीएससी यंत्राचं, म्हणजे नमुना तापताना-गार होताना किती उष्णता घेतो-सोडतो याचा आलेख काढणाऱ्या यंत्राचं, कॅलिब्रेशन आम्ही इंडियमवर करतो. पॉलिथिलीनचं तसं नाही. एकाच पोत्यातले दोन दाणे घ्या. एक वितळवून थेट बर्फाच्या पाण्यात टाका. दुसरा वितळवून १२५ अंशांना काही तास ठेवा आणि मग गार करा. दोन्ही पुन्हा तापवले की दुसरा काही अंश उशिरा वितळेल. रेणू तेच, साखळ्यांची लांबी तीच. फरक फक्त ते कसे गोठले याचा.

हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन, पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), असिटाल हे सगळे अर्धस्फटिकी. घन झाल्यावर साखळ्यांचे काही भाग शिस्तीत रचले जातात, बाकीचे मधल्या जागेत गुंतून पडतात. एक लाख मोलर वजनाची पॉलिथिलीनची साखळी ताणून सरळ केली तर सुमारे ९०० नॅनोमीटर भरते. १९५७ साली ब्रिस्टलमध्ये अँड्र्यू केलर यांनी द्रावणातून वाढवलेले पॉलिथिलीनचे एकेकटे स्फटिक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते होते जेमतेम १० नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे, आणि साखळ्या त्या पापुद्र्याच्या पृष्ठभागाला काटकोनात उभ्या. ९०० नॅनोमीटरची साखळी १० मध्ये उभी बसवायची तर ती पुन्हा पुन्हा वळायलाच हवी, नऊवारीच्या निऱ्यांसारखी. त्याच वर्षी टिल आणि फिशर यांनीही स्वतंत्रपणे असेच स्फटिक मिळवले.

साखळी जिथे वळते तो पृष्ठभाग ऊर्जेच्या हिशोबात महाग पडतो. पापुद्रा जितका पातळ तितका हा खर्च त्याला जड, आणि तितका तो लवकर वितळतो. जाडी आणि वितळणबिंदू यांना जोडणाऱ्या गिब्ज-थॉमसन समीकरणात पॉलिथिलीनचे पुस्तकी आकडे घालून बघा. अमर्याद जाडीच्या आदर्श स्फटिकाचा वितळणबिंदू १४५ अंशांच्या आसपास, वळणांच्या पृष्ठभागाची ऊर्जा चौरस मीटरला ०.०९ ज्यूल, वितळण्याची उष्णता घनमीटरला २८ कोटी ज्यूल. उत्तर येतं ते असं : १० नॅनोमीटरचा पापुद्रा ११८ अंशांना वितळणार आणि २० चा १३२ ला. एकाच पदार्थात चौदा अंशांचा फरक, केवळ जाडीमुळे. आणि जाडी ठरते ती स्फटिक किती तापमानाला बनला त्यावरून. खऱ्या मालात सगळ्या जाडीचे पापुद्रे शेजारी शेजारी असतात, त्यामुळे वितळणं वीस-तीस अंशांवर पसरलेलं असतं. तक्त्यावर येतो तो फक्त शिखराचा आकडा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय ते. पॉलिप्रॉपिलीन १६३ ला वितळतं, पण मिनिटाला १० अंश या वेगाने गार केलं तर स्फटिकीभवनाचं शिखर येतं ११० ते ११५ ला. मधले पन्नास अंश ते स्वतःच्या वितळणबिंदूखाली असूनही द्रवच असतं, कारण पहिलं बीज, म्हणजे न्यूक्लियस, तयार व्हायला वेळ लागतो. साच्यात माल आकसणार किती, वाकणार किती, सायकल किती सेकंदांची, हे सगळं त्या पन्नास अंशांत ठरतं. आणि हा थंड होतानाचा आकडा तक्त्यात क्वचितच असतो. माझं म्हणणं एवढंच आहे : दाणा घेताना तो मागा.

---

बुटीबोरीचे_काका

लेख आवडला. पण शॉपफ्लोअरवरून एक बाजू मांडतो.

बॅरल, म्हणजे दाणा वितळवणारी यंत्राची नळी, आम्ही २०० ते २३० वर चालवतो. दाणा १६० ला वितळला काय आणि १६५ ला काय, तिथे काही बिघडत नाही. त्यामुळे वितळणबिंदूवर फार जीव टाकू नये हे तुमचं म्हणणं मला मान्य. पण मग थंड होण्याच्या आकड्याचाही एवढा आग्रह कशाला? ऑपरेटरच्या हातात एकच गोष्ट असते, साच्याचं पाणी. आणि त्या पाण्याचं तापमान किती आहे हे लहान युनिटमध्ये कोणी लिहूनसुद्धा ठेवत नाही. चिलर नसतो, असतो तो कूलिंग टॉवर.

नागपूरच्या टॉवरबद्दल एक गैरसमज पक्का आहे, की मे महिन्यात पाणी सगळ्यात गरम. बाहेर ४५ अंश म्हणून तसं वाटतं. पण टॉवर आणि घरचा खसाच्या ताट्यांचा कूलर एकाच तत्त्वावर चालतात. पाणी हवेच्या तापमानाशी नाही, ओल्या तापमापकाच्या (ज्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं त्याच्या) तापमानाशी बांधलेलं असतं आणि त्याच्या तीन ते पाच अंश वर थांबतं. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे मे महिन्यातही ओला तापमापक पंचविशीच्या आसपास असतो. जुलैत बाहेर तीसच अंश, पण हवा दमट, म्हणून ओला तापमापक तेवढाच किंवा थोडा जास्तच. म्हणजे मे आणि जुलैचं पाणी जवळपास सारखं. खरा फरक पडतो डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा पाणी चांगलं दहा अंशांनी खाली येतं आणि त्याच सेटिंगवर माप बदलतं. हे ज्याने नोंदवहीत लिहून पाहिलं त्याला कळतं.

---

स्फटिकवेडी

काका, टॉवरची ही गोष्ट इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हिवाळ्याच्या मालाबद्दल त्यालाच जोडून सांगते, कारण त्याचा त्रास पुढे उन्हाळ्यात होतो.

साचा थंड असला की माल लवकर गोठतो, पापुद्रे पातळ राहतात आणि स्फटिक भागाचं प्रमाण कमी राहतं. पॉलिप्रॉपिलीनचा स्फटिक भाग घनसेंटिमीटरला ०.९३६ ग्रॅम घनतेचा, अस्ताव्यस्त भाग ०.८५ च्या आसपास. म्हणजे स्फटिक कमी तर आकसणं कमी. जानेवारीत माप थोडं मोठं निघतं ते यामुळे. पण गोष्ट तिथे संपत नाही. पॉलिप्रॉपिलीनचं काचसंक्रमण, म्हणजे ज्या तापमानाखाली अस्ताव्यस्त भाग काचेसारखा कडक होतो ते, शून्य अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे खोलीच्या तापमानालाही अस्ताव्यस्त भागातल्या साखळ्या हलत असतात आणि हळूहळू आणखी थोड्या रचल्या जातात. पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढला की हे जोरात होतं. जानेवारीत बरोबर बसलेला माल मे महिन्यात आकसलेला सापडतो तो असा. साचा गरम ठेवून काढलेल्या मालात हे उरलेलं काम कमी असतं, मात्र त्यासाठी सायकल लांबते. फुकट काही नाही.

माप काढायचंच तर साच्यातून निघाल्या निघाल्या काढू नये. निदान एक दिवस जाऊ द्यावा.

---

क्रेटवाला_हिंगणा

ताई, मले एक सांगजा. माहं लहान युनिट हाय हिंगणा एमआयडीसीत. क्रेट काढतो, अन् पेंटच्या २० लिटरच्या बादल्या अन् त्याचे झाकणं. पीपीसीपी दाणा, म्हंजे रबरी भाग असलेलं पॉलिप्रॉपिलीन. पांढरं झाकण एकदम बरोबर बसते. तोच साचा, तोच दाणा, तेच सेटिंग, फक्त निळं मास्टरबॅच, म्हंजे रंगाचा दाणा, टाकलं का झाकण वाकते अन् बादलीवर बसतच नाही. मास्टरबॅच टाकतो दोन टक्के. दोन टक्क्यात असं काय होऊन रायलं? मास्टरबॅचवाला म्हणते साचा खराब हाय, साचेवाला म्हणते दाणा खराब हाय. दाण्याचा वितळणबिंदू पाह्यला तर दोन्ही रंगात १६३ च आला. मंग फरक कशाचा?

---

स्फटिकवेडी

भाऊ, फार नेमका प्रश्न विचारलात. वितळणबिंदू दोन्ही रंगांत सारखा आला यात नवल नाही, कारण फरक तिथे नाहीच.

निळ्या मास्टरबॅचमध्ये बहुतेक वेळा फ्थॅलोसायनिन निळा असतो. हे रंगद्रव्य स्वस्त, पक्कं, रंगाला जबर. पण त्याच्या बारीक कणांच्या पृष्ठभागावर पॉलिप्रॉपिलीनचा आणि एचडीपीईचाही (जास्त घनतेच्या पॉलिथिलीनचाही) स्फटिक फार सहज सुरू होतो. म्हणजे रंगाबरोबर तुम्ही नकळत न्यूक्लिएटिंग एजंट, म्हणजे स्फटिकाला बीज पुरवणारा पदार्थ, घालताय. वर म्हटलेला पन्नास अंशांचा पट्टा त्याने आखूड होतो. पांढऱ्या मालाचं थंड होतानाचं शिखर ११२ ला असेल तर निळ्याचं १२० च्या पुढे दिसेल. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड या बाबतीत बरंच शांत असतं.

आता झाकण वाकतं का? नुसतं जास्त आकसलं असतं तर झाकण सगळीकडून सारखं लहान झालं असतं. पण वितळलेला दाणा साच्यात गेटपासून, म्हणजे तो आत शिरतो त्या तोंडापासून, कडेकडे वाहतो तेव्हा साखळ्या वाहण्याच्या दिशेने थोड्या ओढल्या गेलेल्या असतात. स्फटिक लवकर सुरू झाला की ही ओढ सैल व्हायच्या आत पक्की होते. मग वाहण्याच्या दिशेला एक आकसणं आणि आडवं दुसरं. मधोमध गेट असलेल्या गोल झाकणात याचा अर्थ त्रिज्येला एक आणि परिघाला दुसरं. सपाट चकतीला ते जुळवून घेता येत नाही, ती एकतर बशीसारखी होते नाहीतर मुरडते. पॉलिप्रॉपिलीनचं आकसणं सर्वसाधारणपणे १ ते २.५ टक्के. ३०० मिलिमीटरच्या झाकणात ०.३ टक्क्यांचा फरक म्हणजे जवळजवळ १ मिलिमीटर. झाकणाची कडी बसायला तेवढा फरक पुरेसा अडथळा आहे.

साचा निर्दोष, दाणाही निर्दोष. उपाय दोन-तीन आहेत. मास्टरबॅचवाल्याकडे 'कमी वार्पेजचा', म्हणजे माल कमी वाकवणारा, निळा मागा. अल्ट्रामरीन निळा स्फटिकाला असं उचकवत नाही, पण त्याची रंगशक्ती कमी, मात्रा वाढवावी लागते आणि आम्लात तो टिकत नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो : सगळ्याच रंगांत आधीच चांगला न्यूक्लिएटिंग एजंट घाला. सोडियम बेंझोएट जुना आणि स्वस्त, पारदर्शकता हवी असेल तर सॉर्बिटॉलवाले. मग पांढरा, निळा, हिरवा सगळे एकाच तापमानाला गोठायला लागतात, रंगाच्या मनमानीला जागा उरत नाही. सायकलही काही सेकंदांनी कमी होते. मात्र साच्याचं माप या नव्या आकसण्यावर एकदा बसवावं लागेल.

हिरवा फ्थॅलोसायनिनही याच घरातला. आणि लाल क्विनाक्रिडोन वेगळीच गंमत करतो. त्याच्या काही प्रकारांवर पॉलिप्रॉपिलीन नेहमीच्या अल्फा रूपाऐवजी बीटा रूपात स्फटिक होतं, आणि ते वितळतं १५० अंशांच्या आसपास. लाल मालाच्या आलेखात १५० ला शिखर दिसलं म्हणून दाणा भेसळीचा ठरवू नये.

---

एमटेक_पॉलिमर

ताई, मी एलआयटीत, म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, शिकतो. दोन शंका.

एक, पहिल्या हीटिंगचा आकडा द्यायचा की दुसऱ्या? आम्हाला सवय लावली आहे की पहिला आलेख सोडून द्या, दुसरा लिहा. तुमच्या लेखावरून तर पहिलाच महत्त्वाचा वाटतो.

दुसरी, आदर्श स्फटिकाचा जो वितळणबिंदू तुम्ही समीकरणात घातला तो प्रत्यक्षात कोणी मोजलेला नसतो ना? हॉफमन-वीक्सच्या पद्धतीने मी पॉलिप्रॉपिलीनचा काढून पाहिला. वेगवेगळ्या संदर्भांत वेगवेगळे आकडे आहेत, कोणता धरायचा?

---

स्फटिकवेडी

एलआयटीचं नाव वाचून बरं वाटलं. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली ही संस्था, आणि प्लास्टिक तंत्रज्ञान शिकलेली तिथली माणसं आजही आपल्याकडच्या कारखान्यांत भेटतात. मीही तिथलीच.

पहिल्या शंकेचं उत्तर : प्रश्न कोणता आहे त्यावर. पहिल्या हीटिंगमध्ये त्या तुकड्याचा इतिहास असतो, साचा किती गरम होता, गोदामात किती दिवस गेले, सगळं. मग आपण पॉलिप्रॉपिलीन २०० ते २२० ला काही मिनिटं ठेवून तो इतिहास पुसतो, मिनिटाला १० अंशांनी गार करतो आणि पुन्हा तापवतो. दुसऱ्या हीटिंगमध्ये दिसतो तो पदार्थ, आपणच घालून दिलेल्या इतिहासासह. दोन दाण्यांची तुलना करायची तर दुसरा आलेख. झाकण का वाकलं हे शोधायचं तर पहिला आणि मधला गार होण्याचा. पहिला फेकून देऊ नकोस. तो एकदाच मिळतो, नमुना वितळला की गेला.

आणि इतिहास पुसताना घाई नको. १६५ ला वितळला म्हणून १७० वरून माघारी फिरलास तर द्रवात जुन्या रचनेच्या खुणा शिल्लक राहतात आणि त्याच बीज बनून गार होतानाचं शिखर दहा-पंधरा अंश वर सरकवतात. एकच दाणा, दोन प्रयोगशाळा, दोन आकडे, आणि भांडण. अशा भांडणात मी आधी विचारते, किती तापमानापर्यंत नेलं होतं?

दुसरी शंका खोल आहे. १९६२ सालची हॉफमन-वीक्स पद्धत म्हणजे वेगवेगळ्या तापमानांना स्फटिक करून प्रत्येकाचा वितळणबिंदू काढायचा, बिंदूंतून सरळ रेषा ओढायची आणि दोन्ही तापमानं जिथे समान होतात तिथपर्यंत ती लांबवायची. अडचण त्या लांबवण्यातच आहे. स्फटिक ठेवल्याजागी जाड होत जातात, काही तापवताना पुन्हा रचले जातात आणि रेषा खरं तर सरळ नसते. पॉलिप्रॉपिलीनसाठी एक गट १८५ ते १८८ अंश म्हणतो, दुसरा २०८ ते २१२. वीस अंशांचा मतभेद. प्रबंधात दोन्हींपैकी कुठलाही घे, पण कुठला आणि का घेतला ते लिही, आणि तुलना करताना मधेच बदलू नकोस.

या विषयात मोठ्या माणसांचेही मतभेद टोकाचे झालेत. केलर म्हणत, साखळी वळून लगेच शेजारच्या जागेत परत शिरते. १९७४ चे नोबेल विजेते पॉल फ्लोरी म्हणत, द्रवात इतक्या गुंतलेल्या साखळीला तेवढी नेटकी वळायला वेळच मिळत नाही, ती दूर कुठेतरी किंवा शेजारच्या पापुद्र्यात शिरते. १९७९ च्या फॅरडे चर्चासत्रात यावरून जोरदार वादंग झाला. द्रावणातून सावकाश वाढवलेल्या स्फटिकांत केलर यांचं चित्र बरंच लागू पडतं. साच्यात सेकंदांत गोठलेल्या मालात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, आणि दोन पापुद्र्यांना जोडणाऱ्या ज्या साखळ्या असतात त्यांच्याच जिवावर क्रेट आपटला तरी फुटत नाही.

---

त्रिमितीछंद

मी घरी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकचे सुटे भाग बनवतो. गाडीच्या डॅशबोर्डसाठी मोबाइलचा स्टँड केला होता. मे महिन्यात उन्हात गाडी उभी, आणि स्टँड वाकून पडला. पीएलए तर १५० च्या वर वितळतं म्हणतात. गाडीत तेवढं तापमान नक्कीच नव्हतं. ओव्हनमध्ये भाजून घेतलं की टिकतं असं वाचलं, ते खरं का?

---

एमटेक_पॉलिमर

याचं उत्तर मी देऊ का ताई, सध्या यावरच काम चालू आहे.

पीएलए फार आळशीपणे स्फटिक होतं. प्रिंटरच्या नोझलमधून आलेला धागा इतका पटकन गार होतो की त्यात स्फटिक जवळजवळ नसतातच. मग उरतं ते काचसंक्रमण, ५५ ते ६० अंश. उन्हात बंद गाडीत ते सहज ओलांडलं जातं. वितळणबिंदू स्फटिकाचा असतो, स्फटिकच नसेल तर १५० चा काही उपयोग नाही. डीएससीत हे स्पष्ट दिसतं : तापवताना १०० च्या आसपास आधी उष्णता बाहेर पडते, म्हणजे ते तिथे तापत तापत स्फटिक होतं, आणि मग तेच स्फटिक १५० ते १७० ला वितळतात. वितळण्याची उष्णता ग्रॅमला ४० ज्यूल आणि आधीची बाहेर पडलेली ३० ज्यूल असेल, तर मुळात स्फटिक होते ते फक्त १० ज्यूलचे. पूर्ण स्फटिकी पीएलएचा आकडा ९३ ज्यूल धरतात, म्हणजे जेमतेम ११ टक्के. ४० ला ९३ ने भागून ४३ टक्के सांगणारे अहवाल मी पाहिलेत, ते चूक आहेत.

ओव्हनमध्ये ९० ते ११० ला ठेवलं की स्फटिक वाढतात आणि त्यानंतर भाग ६० ला लगेच मऊ पडत नाही. पण त्या दरम्यान तो आकसतो आणि मुरडतो. आधार देऊन, मिठात किंवा वाळूत पुरून ठेवतात लोक. माप काटेकोर हवं असेल तर हा मार्ग नको.

---

स्फटिकवेडी

उत्तम लिहिलंस. वजाबाकीचा मुद्दा फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. पेटचंही असंच, तेही गार करताना घाई केली की स्फटिक न होता काचेसारखं गोठतं. बाटलीचा प्रीफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीची जाड नळी, पारदर्शक असतो तो त्यामुळे. नंतर १०० अंशांच्या आसपास फुगवून ताणलं की ताणामुळे इतके बारीक स्फटिक होतात की प्रकाश विखुरत नाही, बाटली पारदर्शकही राहते आणि बळकटही होते. तोच प्रीफॉर्म न ताणता १७०-१८० ला ठेवला तर दुधी पांढरा होईल.

---

क्रेटवाला_हिंगणा

ताई, मास्टरबॅचवाल्याले फोन केला, कमी वार्पेजचा निळा देतो म्हणे. पाहू. आता दुसरं. स्वस्त पडते म्हणून रिप्रोसेस दाणा, म्हंजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेला, घेतो कधीकधी. त्याच्या रिपोर्टात दोन शिखरं हायेत, १६१ अन् १२४. विकणारा म्हणते पीपीसीपीत असं असतेच. खरं हाय का?

---

स्फटिकवेडी

अर्धं खरं. पीपीसीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये इथिलीनयुक्त रबरी भाग, आणि त्यात इथिलीनच्या लांब ओळी असतील तर ११५ ते १२० च्या आसपास लहानसा उंचवटा मूळचाच असतो. व्हर्जिन दाण्यातही दिसेल. पण तो लहान असतो. १२४ ला ठसठशीत शिखर असेल तर तिथे एलएलडीपीईचा, म्हणजे पिशव्या-फिल्मच्या पॉलिथिलीनचा संशय येतो. १३० च्या जवळ सरकलं तर एचडीपीई.

नुसतं तापमान पाहून थांबू नका, शिखराखालचं क्षेत्रफळ बघा. त्या शिखराची उष्णता ग्रॅमला १२ ज्यूल निघाली आणि स्वतंत्र एलएलडीपीईची ११०-१२० धरली, तर साधारण दहा टक्के मिसळ. हा ढोबळ अंदाज आहे, मिश्रणात दोघंही एकमेकांचं स्फटिकीभवन थोडं बदलतात. पण पाच आणि पंचवीस टक्क्यांतला फरक त्यावरून नक्की कळतो. त्याच कंपनीचा व्हर्जिन पीपीसीपी शेजारी ठेवून दोन्ही आलेख एकावर एक टाका, विकणाऱ्याशी बोलायला तेवढा कागद पुरेल. बादलीला थोडं पॉलिथिलीन चालतंही. चोरून घातलेलं चालू नये, कारण पुढच्या पोत्यात ते किती असेल हे कोणालाच माहीत नसतं.

---

संत्रामळा

मी काटोलकडचा, संत्र्याचा बागायतदार. आंबिया बहाराचा माल क्रेटमधून कळमन्याला नेतो. क्रेट एकाच दुकानातून घेतलेले, काही अनेक हंगाम टिकतात, काही दोन उन्हाळ्यांत पांढरट पडून हातात तुटतात. उन्हाने प्लास्टिक वितळत तर नाही, मग ठिसूळ का होतं? या धाग्यातल्या स्फटिकांशी याचा काही संबंध आहे का?

---

स्फटिकवेडी

दादा, थेट संबंध आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वात चटका लावणारा भाग वाटतो, कारण नुकसान शेतकऱ्याचं होतं.

अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून साखळ्या तोडतात. ऑक्सिजन घट्ट रचलेल्या स्फटिकात सहज शिरत नाही, त्यामुळे तुटतात त्या अस्ताव्यस्त भागातल्या साखळ्या, म्हणजे नेमक्या दोन पापुद्र्यांना जोडणाऱ्या. आजवर गुंत्यात अडकलेले त्यांचे तुकडे मोकळे होतात आणि जवळच्या स्फटिकावर जाऊन रचले जातात. उन्हात पडलेल्या क्रेटचं स्फटिक प्रमाण त्यामुळे वाढतं. ऐकायला बरं वाटतं, पण होतं उलटं. पृष्ठभागाचा थर आकसतो, आतला भाग तसाच असतो, पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं पडतं. तो पांढरटपणा म्हणजे त्याच भेगा. जोडणाऱ्या साखळ्या गेल्या, भेगा तयारच आहेत, मग क्रेट ट्रकमधून उतरवताना फुटतो.

असा तुकडा डीएससीत घातला तर वितळणबिंदू काही अंश खाली आलेला दिसतो, कारण तुटलेल्या आणि ऑक्सिजन चिकटलेल्या साखळ्या नीट रचल्या जात नाहीत. म्हणजे स्फटिक जास्त आणि वितळणबिंदू कमी, दोन्ही एकाच वेळी. स्फटिकाचं प्रमाण वेगळं आणि त्याची जाडी-शुद्धता वेगळी हे लक्षात घेतलं की कोडं सुटतं.

तुमच्या टिकलेल्या आणि तुटलेल्या क्रेटमध्ये फरक बहुधा यूव्ही स्टॅबिलायझरचा आहे. एचएएलएस नावाचा वर्ग यासाठी वापरतात, आणि काळ्या क्रेटमधला कार्बन ब्लॅक स्वतःच किरण अडवतो. तो घातला आहे की नाही हे वितळणबिंदूवरून कळत नाही. ऑक्सिडेशन इंडक्शन टाइम नावाची जी डीएससी चाचणी असते तिच्यावरही विसंबू नका. ती २०० अंशांच्या आसपास होते, त्या तापमानाला एचएएलएस आपलं काम दाखवत नाही, आणि एचएएलएस भरपूर असलेला क्रेटही तिथे नापास दिसू शकतो. त्यासाठी झेनॉन दिव्याच्या यंत्रात ठरावीक तास ठेवून, आधी आणि नंतर ताण किंवा आघात चाचणी करावी लागते. क्रेट घाऊक घेणार असाल तर दुकानदाराकडे यूव्ही चाचणीचा कागद लेखी मागा. आणि तोवर रिकामे क्रेट शेतात उन्हात न रचता शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली ठेवा.

---

क्रेटवाला_हिंगणा

दादा, क्रेट तर मीच काढतो, अन् स्टॅबिलायझर किती टाकला हे मले पक्कं माहीत असाले पायजे. ताई, निळ्या अन् पांढऱ्या झाकणाचा एकेक तुकडा अन् क्रेटचे दोन नमुने घेऊन येतो, एक स्टॅबिलायझर टाकलेला, एक बिनटाकलेला. थंड होतानाचा आलेख पण पायजे मले. पत्ता व्यनि करजा.

---

स्फटिकवेडी

व्यनि केलाय. तुकडे गेटजवळचा एक आणि कडेचा एक असे दोन्ही आणा, आणि ते काढले त्या दिवशीचं साच्याच्या पाण्याचं तापमान चिठ्ठीवर लिहून आणा.